होडीच राहू द्या, जेटी नको!
लक्षद्वीपला निघालेल्या मराठी पर्यटकांना कळकळीचे आवाहन



लक्षद्वीपमधल्या अगत्तीहून तिन्नकारा बेटावर जायचे तर होडीशिवाय वाट नाही. किनारा जवळ आला की होडीवाला इंजिन बंद करतो. खाली प्रवाळ असते. मग उतरायचे आणि पाण्यातून चालत पुळण गाठायची. आम्ही असे उतरलो तेव्हा आमच्यातलेच एक गृहस्थ विजार दुमडत म्हणाले, "इथे साधी जेटी बांधता येत नाही?" तासाभराने त्याच पुळणीवर मला बाकरवडीचे रिकामे पाकीट सापडले. त्यावरची अक्षरे मराठी होती. या दोन गोष्टींमुळे हे पत्रक लिहावे लागले.

ही वाळू येते कुठून?

मूठभर वाळू तळहातावर घेऊन पाहा. पोवळ्यांचा चुरा, शिंपल्यांच्या कपच्या आणि पोपटमाशाने पोवळे खरवडून खाऊन मागे टाकलेली पांढरी पूड. कोकणात नद्या वाळू आणतात. लक्षद्वीपला नदीच नाही. प्रवाळ जिवंत आहे तोवरच पुळण जिवंत आहे.

आणि प्रवाळ आजारी आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला, पोवळी पांढरी पडून मेली. १९९८ ते २०२२ या काळात तिथले जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आले. तिन्नकाराच्याच शेजारचे परळी-१ हे बेट १९६८ साली होते; २०१७ साली जाहीर झालेल्या अभ्यासात ते पाण्याखाली गेलेले आढळले. समुद्र तापतो त्याला आम्ही काय करणार, असे कुणी म्हणेल. पण आजाऱ्याच्या छातीवर बसू नये, एवढे तर आपल्या हातात आहे!

"जेटी नको, मग लोकांनी पोट कसे भरायचे?"

प्रश्न रास्त आहे, पण तो तिथल्या माणसांना विचारा. लक्षद्वीपची जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार माणसे ६४ हजारांवर. त्यांचा मुख्य धंदा कुप्याचा, म्हणजे टूनाचा. लगूनमधले, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यातले, बारीक जिवंत मासे आमिष म्हणून समुद्रात टाकायचे आणि गळाने एकेक कुपा वर ओढायचा. लगून गढूळले की आमिष गेले. आमिष गेले की चूल गेली. मिनिकॉय, सुहेली आणि कडमतला पाण्यावर व्हिला उभारण्याची योजना सरकारने मांडली आहे. त्या व्हिलांचे खांब ठोकायचे ते याच लगूनमध्ये!

पिण्याच्या पाण्याचेही तेच. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाली खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहते. जास्त उपसा केला की विहीर खारट होते. आपला शॉवर चार दिवसांचा. ती विहीर त्यांची जन्माची.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. होडी ही त्या बेटांची गैरसोय नाही, ते त्यांचे कुंपण आहे. होडीत मावतील तेवढीच माणसे येतात आणि समुद्र खवळला की कुणीच येत नाही. तेवढीच उसंत पुळणीला मिळते.

आमच्या मागण्या

१. निर्जन बेटांवर जेटी आणि पक्के बांधकाम नको. लगूनमध्ये व्हिला नकोत.
२. रोज किती पर्यटक उतरणार याची मर्यादा ठरवा आणि ती बेटावरच्या लोकांना विचारून ठरवा.
३. पर्यटनाचा पैसा आधी तिथल्या होडीवाल्याला आणि तिथल्या घराला मिळू द्या.

आणि आपण स्वतः

प्रवाळावर पाय ठेवू नका. पोवळे, शिंपला, वाळू, काहीही उचलून आणू नका. ताटात पोपटमासा मागू नका. तो पुळण घडवणारा कारागीर आहे. नेलेले प्रत्येक पाकीट, प्रत्येक बाटली परत आपल्या गावी आणा.

ते बाकरवडीचे पाकीट मी घरी आणले आहे. ते टाकणारा आपल्यातलाच कुणीतरी होता, म्हणून हे पत्रक आपल्याच भाषेत काढले आहे. वाचा, आणि लक्षद्वीपची तिकिटे काढणाऱ्या पुढच्या माणसाच्या हाती द्या.

आपला,
एक प्रवासी