पाहुणा आणि घरधनी

मोरगावी मयूरेश्वराच्या देवळासमोर एक भला थोरला नंदी बसलेला आहे. गणपतीपुढे नंदी कसा, असे नवखा यात्रेकरू हमखास विचारतो. लोक सांगतात, त्याला न्यायचे होते शंकराच्या देवळात. वाटेत गाडा मोडला आणि नंदी इथून हलेचना. बसला तो बसलाच! पण या पाहुण्याने देवळाचा कारभार कधी मागितला नाही. हल्ली आपल्या घरात ठाण मांडून बसलेले पाहुणे इतके सालस नाहीत.

आमच्या शेजारच्या काकू यात्रेकरूंना मोदक करून देतात. मागण्या येत त्या फोनवरच्या एका खात्यावर. एका चतुर्थीला, ऐन गर्दीच्या दिवशी, ते खाते बंद झाले. कारण एवढेच: ‘नियमांचा भंग.’ कोणता नियम, कसला भंग, हे अखेरपर्यंत कळले नाही. ग्रामपंचायतीने त्यांची चूल अशी विझवली असती, तर काकूंनी सरपंचाला चारचौघांत जाब विचारला असता, बारामतीस तहसीलदाराकडे धाव घेतली असती. उच्च न्यायालयही होतेच. इथे मी त्यांना कोणाकडे पाठवू?

मोदकांचे राहू द्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला पाच डवरी गोसाव्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. हात जमावाचे होते. ते पाप कंपनीच्या माथी मारून आपण सुटणार नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. केंद्र सरकारने कंपनीला बजावले, आणि त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरते ठरवले: आलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. नियम चांगला, यात शंका नाही. पण कोट्यवधी भारतीयांच्या बोलण्याला घातलेला हा बांध ना मुंबईच्या विधानसभेने घातला, ना दिल्लीच्या संसदेने. जो कंपनीच्या मर्जीने आला, तो तिच्याच मर्जीने जाऊही शकतो.

‘कंपनी खाजगी आहे, पटत नसेल तर सोडा,’ असे शहाणे सांगतात. शाळेची सूचना, दुधाचा हिशेब, मुलीचे स्थळ, सारे ज्या वाटेने येते ती वाट सोडून माणसाने जावे कुठे? ईस्ट इंडिया कंपनीही व्यापारीच होती. १७६५ साली तिने बंगालची दिवाणी घेतली, १८१८ साली पेशवाई बुडवली. आजच्या कंपन्यांपाशी फौज नाही, हे मान्य. पण वखारीत दरबार भरू लागला, की सावध व्हावे.

मग साऱ्या कळा सरकारच्या हाती द्याव्यात काय? मुळीच नाही! इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध करा, ते न्यायालयात तपासता आले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सरकारलाच बजावले. माझे म्हणणे इतकेच, की तेच माप कंपनीलाही लावा. नियम उघड्यावर व्हावा, कारण लेखी मिळावे, दाद स्वतंत्र माणसाने ऐकावी. २०२३ पासून अपील समित्या आहेत खऱ्या. पण त्यांवर माणसे नेमते केंद्र सरकारच. हे अशक्य मुळीच नाही. २०१६ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकांची मते मागवली आणि फेसबुकची निवडक फुकट इंटरनेटची योजना रोखली, तेव्हा आपण घरधन्यासारखे वागलो होतो.

सार्वभौमत्व म्हणजे दिल्लीची मर्जी नव्हे. मोरगावच्या काकूंना दाद मागता येणे, हे सार्वभौमत्व. पाहुण्याने खुशाल बसावे, आमच्या नंदीसारखे, देवळाबाहेर. गाभाऱ्याची किल्ली मात्र त्याने मागू नये, आणि आपणही ती देऊ नये.