उपासना आणि अक्षर

जालना जिल्ह्याचे नाव निघाले की आमच्या घरांतून जांब गावाचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. समर्थांचे जन्मस्थान ते. परंतु त्याच जिल्ह्यात, जालना शहरानजीक, बेथेल नावाची एक ख्रिस्ती वसाहत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात वसविली गेली व ती वसविणारा पुरुष जन्माने ब्राह्मण होता, ही गोष्ट आमच्यात फारशी बोलली जात नाही. न बोलण्याचे कारणही उघड आहे.

नारायण शेषाद्री ह्यांनी १८४३ साली मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याचे प्रकरण पुष्कळांस ठाऊक असेल. तो अल्पवयी म्हणून न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. पुढे त्यास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावे की नाही ह्यावर शास्त्रीमंडळींत वाद पेटला, आणि घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी स्वजनांचा रोष पत्करला. थोरला भाऊ मात्र आमच्या इतिहासातून तेथेच नाहीसा होतो. तो जालन्यास गेला. ते निजामाचे राज्य. दिवाण सालारजंग ह्यांनी त्यास जमीन दिली, आणि तेथे बेथेल, म्हणजे हिब्रू भाषेत 'देवाचे घर', उभे राहिले. तेथे जमलेल्यांत मातंग समाजाची माणसे पुष्कळ होती.

धर्मांतराविषयी आमचे मत अनुकूल नाही, आणि जुन्या मिशनऱ्यांनी आमच्या देवतांविषयी जे लिहिले ते वाचून आजही मनास क्लेश होतात. परंतु रविवारच्या त्या उपासनेत एक गोष्ट अशी आहे की, जन्मभर शाळेत फळ्यापुढे उभे राहिलेल्या आम्हांस तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश, असा तेथील क्रम. ह्यांतील गीत आणि शास्त्रपाठ ह्यांस उपासकाच्या हाती पुस्तक लागते. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे असा प्रोटेस्टंट पंथाचा आग्रहच आहे. म्हणून उपासनेला जोडून शब्बाथशाळा येते, आणि तेथे मुलांबरोबर मोठी माणसेही अक्षरे गिरवितात.

प्रौढवर्ग चालविण्याचा ज्यांस अनुभव आहे त्यांस खरी अडचण ठाऊक आहे. चाळीस वर्षांचा मनुष्य तीन महिन्यांत अक्षरे शिकतो आणि वर्षभरात विसरतो, कारण घरी वाचावयास काही नसते व वाचण्याचे निमित्तही नसते. ख्रिस्ती मंडळीत ते निमित्त दर सातव्या दिवशी येते. शिवाय गीते तोंडपाठ असतात. नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली दीक्षा घेतल्यावर, मराठी मंडळ्यांना जी गीते दिली त्यांची चाल आमच्याच अभंगांची. ती गावकऱ्याच्या कानात आधीच होती. तोंडाने ओळ म्हणावयाची आणि डोळ्याने तीच ओळ छापलेली पाहावयाची, अशा रीतीने कानच डोळ्यास शिकवितो. बालबोध वर्गात ह्याहून सोपी युक्ती आम्हांस सापडली नाही.

आमचे कीर्तन, आमचे पुराण ही कानाची थोर विद्यालये खरी; पण डोळ्यांचे काय? समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस दिला आहे. वळणदार अक्षराची एवढी काळजी जांबच्या त्या पुरुषाने केली. आणि त्याच जिल्ह्यात, ज्यांनी वेदाक्षर ऐकूही नये असे आमच्या धर्मसूत्रांनी सांगितले, त्यांच्या हाती पुस्तक पहिल्याने पडले ते उपासनामंदिरात. ह्याचा राग मिशनऱ्यांवर काढणे सोपे आहे.

२०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१ टक्के भरली, तर महाराष्ट्राची सुमारे ८२. उरलेल्यांत हरिपाठ मुखोद्गत असलेल्या कित्येक वृद्धा असतील. दर एकादशीस देवळात जमणाऱ्या अशा बायांच्या हाती मोठ्या अक्षरांची पुस्तिका द्यावी, शेजारी शिकलेल्या मुलीने बसावे व म्हटल्या जाणाऱ्या शब्दाखाली बोट ठेवीत जावे. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंनाही बोलवावे. मात्र त्यांची बसावयाची जागा दाराशी नसावी, त्याच सतरंजीवर असावी.