मर्जी कुणाची?

नशेचा गुन्हा तोलताना कायद्याचं सगळं वजन एका शब्दावर असतं. मर्जी. नकळत किंवा मर्जीविरुद्ध कुणी नशा चढवली आणि आपण काय करतोय हेच उमजेनासं झालं, तरच आरोपी सुटतो. इंग्रजांनी १८६० साली हे ८५ कलमात लिहिलं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते २३ कलम झालं. आकडा बदलला, मर्जी तीच.

काळ्या कोटवाल्यांनो, माझा सवाल आहे. बाराव्या वर्षी भूक मारायला ज्यानं सोल्यूशनचा बोळा हुंगला, त्याची मर्जी किती तोळे भरली? समजा, पहिल्या खेपेला असेल. शंभराव्या खेपेला अंग तुटतंय, नाक गळतंय, ओकाऱ्या येताहेत, तेव्हा कुठली मर्जी?

मी गोदीत ओझी उचलतो. आमच्यात पिणारे आहेत, बायकोला झोडपणारेही आहेत. त्यांना मी नशेची सूट देणार नाही. तिच्या पाठीवरचे वळ शुद्धीतले की बेशुद्धीतले, तिला काय फरक? इथं कायद्याचं मला पटतं. पण ज्यानं फक्त स्वतःचंच शरीर जाळलं, त्याला तुरुंग कशाला?

गंमत म्हणजे कायदाही हेच म्हणतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ कलम आहे. नशा केल्याबद्दल किंवा थोड्याशा मालासाठी पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला नाही. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते, एवढंच. आमच्या टोळीतला एक पोरगा गर्दाच्या पुडीसकट सापडला. फुकटातला वकील म्हणाला, "कबूल कर, लवकर सुटशील." ६४-अ चं नावही नाही. पोरगा भोगून आला आणि आठवड्यात परत पुडीवर.

आणि बारकाई कशी असते बघा. १९५१ साली मुंबईतल्या एका आर.टी.ओ. अधिकाऱ्याच्या जीपनं तिघांना उडवलं. तोंडाला दारूचा वास. तो म्हणाला, औषध घेतलं होतं. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला दारूबंदीच्या गुन्ह्यातून सोडलं. पोटातली दारू बंदीतलीच होती, हे सरकारनं सिद्ध करायला हवं, म्हणाले. निकाल बरोबरच होता. पण फुटपाथवरच्या गर्दुल्ल्यासाठी एवढा कीस कोण काढतो?

तेव्हा पोरांनो, ६४-अ पाठ करा. आपला कुणी पकडला गेला तर पहिल्याच तारखेला वकिलाला विचारा, उपचाराचा अर्ज टाकला का? टाळाटाळ केली तर विधी सेवा प्राधिकरणाकडे दुसरा वकील मागा. लेखी मागा.