कोल्हापूर-नागपूर : अंतर आणि अवधी

नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर कोल्हापूर व नागपूर येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ७०० किलोमीटर भरते. लोहमार्गाने जाणाऱ्यास मात्र पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घालीत सुमारे १,२०० किलोमीटर जावे लागते आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये एक अख्खे अहोरात्र काढावे लागते. म्हणजे पाचशे किलोमीटर निव्वळ वळशाचे!

पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते, जेट विमान ८०० च्या आसपास. धावपट्टीवरील खोळंबा आणि चढ-उतार धरूनही हा प्रवास सव्वा ते पावणेदोन तासांचा. विमानतळावर तासभर आधी पोचणे आले, दोन्हीकडची मोटार आली, तरी घरापासून मुक्कामापर्यंत चार-पाच तासांत काम भागावे. सोनेगाव नागपूर शहरास लागून आहे, उजळाईवाडीही आम्हांस दूर नाही.

ही चैनीची गोष्ट आहे असे आम्हांस वाटत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरविण्याचे ठरले, आणि तेथे गाऱ्हाणे घेऊन जाण्याचा हक्क केवळ आमदारांचा नव्हे. दोन दिवस जाण्यायेण्यात घालवून तासाभराची भेट मागणारा शिक्षक किंवा सोसायटीचा चिटणीस आपल्या राजधानीपासून किती दूर आहे, हे किलोमीटरांत सांगता येणार नाही. १९४९ साली मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. पत्रांना जी सोय तेव्हा लाभली, ती माणसांना आज मागावी लागते!

केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' योजना जाहीर केली. सुमारे ५०० किलोमीटर अथवा तासाभराच्या प्रवासास, ठराविक जागांपुरते, २,५०० रुपये भाडे आणि विमान कंपनीस तीन वर्षे तूटभरपाई, असे तिचे मूळ स्वरूप. हेतू उत्तम होता. अनुभव काय सांगतो? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी. त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत, ५४ उरले होते.

या आकड्यांवरून 'प्रवासीच नाहीत' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आमच्या मते तो घाईचा ठरेल. आज आहे, उद्या नाही, अशा विमानाच्या भरवशावर कोण आपले काम बांधील? आठवड्यातून दोनदा, तेही भर दुपारी सुटणारे विमान दीड तासात पोचले तरी परतीसाठी तीन दिवस थांबवीत असेल, तर त्याचा वेग वैमानिकापुरताच खरा.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गासाठी जमिनी देण्यास आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी विरोध केला, तो का, हे सर्वांस ठाऊक आहे. विमान काही मालमोटारीची जागा घेणार नाही. परंतु त्यास मधल्या ७०० किलोमीटरांत एक गुंठाही लागत नाही, एवढे तरी मुंबईने ध्यानात घ्यावे. 'उडान'च्या तूटभरपाईतील २० टक्के वाटा राज्याचाच असतो. तेव्हा सकाळी जाऊन सायंकाळी परतता येईल असे वेळापत्रक आणि निदान पाच वर्षांची हमी, या दोन अटी राज्य सरकारने या मार्गासाठी घालाव्यात, आणि त्या हिवाळी अधिवेशनापूर्वी घालाव्यात.