रॉकेलचे वैद्य

कोंबडा चोचीने अंग खाजवू लागला, की आमच्या परभणीत जो तो सांगतो, "रॉकेल चोळा!" अहो, रॉकेलने कातडी भाजते, चोचीतून पोटात गेले तर कोंबडाच जायचा. व्याज वाचवायला मुद्दल बुडवायचे? शिवाय रक्त पिणारे ते बारीक तांबडे किडे दिवसा खुराड्याच्या फटीत दडतात, जेवायला रात्री निघतात. कर्जदार फटीत आणि नोटीस जामीनदाराला! फटी कढत पाण्याने धुवा, कोंबड्याला कोरड्या राखमातीत मनसोक्त लोळू द्या. तरी खाज थांबली नाही, तर गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण नाही! "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणत आम्ही बाटलीच उघडणार. मग त्या कोंबड्याचा रस्सा तरी वैद्यबुवांनी स्वतः ओरपून दाखवावा!