चमत्कार कसला, तिकिटं काढली होती!

२०२५ मध्ये 'शोले'ला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आमच्याकडे पुरुषमंडळींनी अख्खा रविवार १९७५ सालावर घालवला. जानेवारीत 'दीवार', १५ ऑगस्टला 'शोले', तो मिनर्व्हाला पाच वर्षं कसा चालला, मधेच लागलेली आणीबाणी, सगळं झालं. त्याच सालच्या 'जय संतोषी माँ'चं नाव निघालं आणि सगळे हसले. "तो चमत्कार होता, त्याला काय सिनेमा म्हणायचं?" इति माझे दीर.

मी पोळ्या लाटत होते. तिथूनच म्हटलं, "चमत्कार कसला भावजी? बायकांनी तिकिटं काढली होती!"

खरंच, मैत्रिणींनो, मला याचा रागच येतो. ना मोठा नट, ना पैसा, पौराणिक चित्रपटांचे दिवस संपले असं सगळे म्हणत असताना मे महिन्यात हा सिनेमा आला आणि 'शोले', 'दीवार'च्या पंगतीत जाऊन बसला. 'शोले' चालला की श्रेय सलीम-जावेद, रमेश सिप्पी, गब्बर यांना. हा चालला की श्रेय देवीला! थिएटरात चपला काढून बसणाऱ्या, आरतीला पडद्यावर फुलं-पैसे उधळणाऱ्या बायकांचे किस्से अजून चवीनं सांगतात. पण त्या तिथं का आल्या, हे कुणी विचारत नाही.

गोष्ट आठवा. देवी आहे खरी, पण सगळी गोष्ट सत्यवतीची. नवरा परगावी गेलेला, घरात छळणाऱ्या जावा, खायला धड नाही आणि जंगलातून लाकडं आणायची. हे बघायला देवभोळं असावं लागत नाही, सासरी राहिलेलं असलं तरी पुरतं.

माझी आई नऊ माणसांच्या घरात मधली सून. आजीला सिनेमाचं वावडं. पण 'देवाचा आहे' म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. आई आणि दोन्ही काकू दुपारच्या खेळाला गेल्या, मला शेपटासारखं बरोबर नेलं. लग्नानंतर आई पहिल्यांदाच घराबाहेर तीन तास बसलेली मी पाहिली. आरती सुरू झाली (उषा मंगेशकरांचा आवाज!), सगळ्या उभ्या राहिल्या. आई तेव्हा रडली नाही. ती रडली सत्यवतीच्या डोक्यावर लाकडाची मोळी आली तेव्हा, आणि शेजारी धाकट्या काकूनं तिचा हात धरला. घरी या दोघींचं फारसं पटत नसे.

सिनेमा मला आज पटतो असं नाही. सासुरवासावर उपाय काय, तर सोळा शुक्रवार, गूळ-चणे, आंबट खायचं नाही. वर छळणाऱ्या जावाच, आणि स्वर्गातसुद्धा मत्सर करणाऱ्या देवीच! संयुक्त राष्ट्रांनी तेच साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, म्हणजे बघा. पण मग बाकीच्या गाजलेल्या सिनेमांत तरी काय होतं? 'दीवार'मधली विटा वाहणारी आई दोन मुलांच्या भांडणापुरती. 'शोले'तली राधा दिवे मालवण्यापुरती. बसंती टांगा चालवायची, तोंडानं फटकळ, पण शेवटी तिलाही काचांवर नाचायला लावलंच. राजकारणातली कर्तबगार बाई 'आँधी'त होती, तर आणीबाणीत तो सिनेमाच थांबवला.

पुढे १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला. बायका झुंडीनं गेल्या, आणि शहाण्यांनी 'रडका' म्हणून नाकं मुरडली. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला नऊवारी नेसून, गट करून बायका गेल्या, तेव्हाही कौतुकात एक आश्चर्य होतंच, की या एवढ्या आल्या कुठून? अहो, त्या इथंच होत्या. दुपारच्या खेळाला येत होत्या.

आईला मध्ये एकदा विचारलं, त्या सिनेमातलं काय आठवतं गं? तिला गाणी धड आठवेनात. म्हणाली, "मध्यंतरात तुझ्या मोठ्या काकूनं गोटी सोडा आणला होता. मी बसलेच होते. बसल्या जागी कुणीतरी हातात आणून दिला."