प्रजासत्ताक दिन : कृतज्ञतेने उभे राहू या, भीतीने नव्हे



26 जानेवारी जवळ आली की पांढुर्णा आणि सौसरकडच्या आपल्या मंडळ्यांत झेंडावंदनाची तयारी सुरू होते. मुले गाणी बसवतात, तरुण मंडळी आवार झाडतात. हे पाहून आनंद होतो. पण याच दिवसांत एक वाक्यही कानावर पडते, “फोटो नीट काढा हं, आपणही देशभक्त आहोत हे लोकांना दिसले पाहिजे.” हे वाक्य का निघते ते आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्ती म्हणजे परक्यांच्या धर्माचे, असे कुणीतरी कधीतरी आपल्याला ऐकवलेले असते. म्हणूनच या दिवशी स्वतःला एक प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते. आपण तिरंग्यापुढे कृतज्ञतेने उभे राहतो की भीतीने?

आपल्या भागाचेच पाहा. आपण घरात मराठी बोलतो, कचेरीत हिंदी. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. मराठी भजन म्हणतो म्हणून आपण मध्य प्रदेशचे कमी झालो का? नाही. दोन प्रेमे एका हृदयात नांदू शकतात, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. मग प्रभू येशूवरचे प्रेम आणि भारतावरचे प्रेम यांची तुलना करायला कुणी सांगितले, तर आपण का गोंधळावे?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मराठी सोडली नाही, देशही सोडला नाही. उलट भजन-कीर्तनाच्या वाटेने त्यांनी येशूला मराठी माणसाच्या अंगणात आणले आणि देशावरही कविता लिहिल्या.

ज्या संविधानासाठी आपण हा दिवस पाळतो, त्यातही आपल्या लोकांचा वाटा आहे. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती होत्या आणि त्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून सभेवर निवडून गेल्या होत्या. छिंदवाडा, पांढुर्णा, सौसर तेव्हा त्याच प्रांतात होते, म्हणजे त्या आपल्याच प्रांताच्या प्रतिनिधी. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत बसून त्यांनी काय मागितले? धर्माच्या आचरणाआड स्त्रियांवरचा अन्याय लपू नये, याची काळजी त्यांनी वाहिली. हा आग्रह एका समाजापुरता नव्हता, देशातल्या सगळ्या बायकांसाठी होता. पुढे 1949 मध्ये धर्माच्या आधारावर विधिमंडळात राखीव जागा ठेवू नयेत असे ठरले, तेव्हा मुखर्जींनी त्याला पाठिंबा दिला. शेजाऱ्यांवर विश्वास ठेवून ते सामान्य नागरिक म्हणून उभे राहिले.

असा वारसा असताना आपण ओशाळून का उभे राहावे?

देवाचे वचन या बाबतीत स्पष्ट आहे. बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्टा सांगतो की ज्या नगरात राहता त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा (यिर्मया 29:7). ते तर परक्या भूमीत होते. आपण आपल्याच मातीत आहोत, मग आपले कर्तव्य किती मोठे! प्रभू येशू यरुशलेम पाहून रडला (लूक 19:41). ज्या नगरावर प्रेम असते त्याच्यासाठीच डोळ्यांत पाणी येते. म्हणून देशातले चुकीचे पाहून दुःख होणे, ते नम्रपणे बोलून दाखवणे, हाही देशप्रेमाचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट आपण फार क्वचित वाचतो. फिलिप्पै येथे पौलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी त्याला गुपचूप सोडू लागले, तेव्हा त्याने आपल्या नागरिकत्वाची आठवण करून दिली आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडवावे असे सांगितले (प्रेषितांची कृत्ये 16:37). त्याने सूड मागितला नाही, पण हक्कही सोडला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने प्रत्येकाला सदसद्विवेकाचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. हक्क आणि मर्यादा दोन्ही आपल्याला माहीत असायला हव्यात. जो आपला हक्क जाणतो, तो दुसऱ्याच्याही हक्कासाठी उभा राहू शकतो.

म्हणून आमची विनंती आहे. या वर्षी झेंडावंदनानंतर संविधानाची उद्देशिका सर्वांनी मिळून मराठीत वाचावी आणि न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा अर्थ मुलांना सांगावा. 25 जानेवारी हा 2011 पासून राष्ट्रीय मतदार दिवस आहे. मंडळीत अठरा पूर्ण झालेल्या कुणाचे नाव मतदार यादीत नसेल तर त्याला मदत करावी. 1 तीमथ्य 2:1-2 प्रमाणे उपासनेत सरपंच, नगराध्यक्ष आणि कलेक्टर यांच्यासाठी प्रार्थना करावी, मग ते कोणत्याही पक्षाचे वा धर्माचे असोत. गावच्या झेंडावंदनालाही जावे, शेजाऱ्यांबरोबर उभे राहावे. आणि 27 तारखेला कुणी फोटो काढत नसताना रांगेत नियम पाळावा, लाच देऊ नये, संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या मजुराला पूर्ण मजुरी द्यावी.

आपल्या देशप्रेमाचा दाखला कुणाच्या सहीचा मोहताज नाही. देवाने आपल्याला या मातीत जन्माला घातले, हाच आपला दाखला. त्याबद्दल त्याचे आभार मानू या.

हे प्रभू, आमच्या भारताला आशीर्वाद दे. राज्य करणाऱ्यांना सुबुद्धी दे, गरिबाला न्याय दे, आणि आम्हाला चांगले ख्रिस्ती व चांगले नागरिक बनव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.